आधी रिपीटर की आधी नेट? हॅम क्लबच्या पैशांचे काय करावे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. कराड ते सांगली पट्ट्यातल्या आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबात सध्या १४ परवानाधारक आहेत. ५ जनरल (वरचा परवाना), ९ रिस्ट्रिक्टेड (सुरुवातीचा). देणगीतून दीड लाख रुपये जमलेत आणि त्यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, टेकडीवर २ मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज त्याच वेळी पुन्हा सोडणारे यंत्र, बसवा. हँडीवरून (हातातल्या सेटवरून) सगळे एकमेकांना मिळू लागले की क्लब आपोआप जागा होईल. दुसऱ्याचे म्हणणे, दर रविवारचा नेटच (ठरल्या वेळी सगळ्यांनी एका फ्रिक्वेन्सीवर भेटणे) धड चालत नाही, पहिल्या आठवड्याला १२ जण येतात, सहाव्याला ३ उरतात. रिपीटर आणून त्यावर बोलणार कोण?

पुराचा मुद्दा वेगळाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. अशा वेळी वीज जाते, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. तेव्हा उपयोगी पडेल असा क्लब हवा आहे.

तर प्रश्न दोन. रिपीटर घ्यावा का? नसेल तर हे पैसे कशात घालावेत? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावे.

शून्यबीट
रिपीटर नको. कारण तांत्रिक आहे, ते आधी समजून घ्या.

२ मीटरच्या रिपीटरमध्ये ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी यांत फक्त ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते, आणि दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. २५ वॅट म्हणजे ४४ डीबीएम (शक्तीचे डेसिबलमधले माप) बाहेर पडत असताना शेजारच्याच रिसीव्हरने उणे १२० डीबीएमचा क्षीण सिग्नल ऐकायचा. फरक १६० डीबीहून जास्त. यातला मोठा भार डुप्लेक्सर हा फिल्टर उचलतो: चार किंवा सहा कॅव्हिटी (धातूचे पोकळ डबे), नीट जुळवलेल्या, ८० डीबी किंवा त्याहून जास्त विलगीकरण देणाऱ्या. दोन मोबाइल रिग (गाडीतले रेडिओ सेट) पाठीला पाठ लावून मध्ये कंट्रोलर बसवला की झाला रिपीटर, असे समजणारे बरेच असतात. तसा रिपीटर लांबचा सिग्नल आला की स्वतःच बहिरा होतो. बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटतो, शेपूट फडफडते, आणि दोष मात्र हँडीला दिला जातो.

दोन अँटेना टॉवरवर एकाखाली एक, मध्ये २० मीटर अंतर ठेवून लावल्या तरी हिशेबाने ६५ ते ७० डीबीच मिळतात. तेही टॉवरवर दुसरे धातूकाम नसेल तर.

दीड लाखात डुप्लेक्सर, रिग, अँटेना, जाड फीडर (अँटेनाची केबल), बॅटरी, सोलर, वीजरोधक एवढे सगळे बसवायचे म्हटले तर कशात तरी काटछाट होणार. आणि ती नेहमी फीडर नि अर्थिंगमध्येच होते.

डोंगरमाथा
शून्यबीट, तंत्राबद्दल वाद नाही. पण रिपीटरशिवाय त्या पट्ट्यात भागेल कसे तेही सांगा. रेडिओ क्षितिजाचे सूत्र सोपे आहे: ४.१२ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज. उंची मीटरमध्ये, उत्तर किलोमीटरमध्ये.

दोन्ही घरांवर ९ मीटरवर अँटेना असेल तर ४.१२ × (३ + ३), म्हणजे सुमारे २५ किमी. एकाच्या हातात हँडी, दीड मीटरवर, तर १७ किमी. दोघेही रस्त्यावर हँडी घेऊन उभे असतील तर १०, आणि तेही मध्ये ऊस, इमारत, चढ काही नसेल तर. आता हँडीवाल्यासमोर ४०० मीटर उंचीचा डोंगर ठेवा: ८७ किमी. रिपीटर लोकांना आवडतो तो याच कारणाने. कराड ते सांगली सरळ रेषेत ६५ किमीच्या आसपास आहे. सिम्प्लेक्सवर (रिपीटरविना थेट) एका उडीत ते जमणार नाही.

कोअ‍ॅक्सवाली
दोघांनाही एक प्रश्न. १४ जणांपैकी किती जणांच्या गच्चीवर बाहेरची अँटेना आहे?

कृष्णाकाठ
ताई, पाच. बाकीचे खिडकीतून हँडीवर.

कोअ‍ॅक्सवाली
मग पहिला खर्च तिथे. रिपीटरचा विचार नंतर.

२ मीटरची पाव-लहर ग्राउंड प्लेन अँटेना क्लबात बसून एका रविवारी दहा होतात. लागते काय: एक एसओ-२३९ चेसिस सॉकेट, २ ते ३ मिमी जाडीची पितळी सळई, चार नट-बोल्ट (स्टेनलेसचेच घ्या), पीव्हीसी पाइपचा तुकडा. उभा घटक ४९ सेंमी, चार रेडियल (खालच्या सळया) ५१ ते ५२ सेंमी, ४५ अंश खाली वाकवलेले. हे माप १४५ मेगाहर्ट्झसाठी आहे. सुरुवातीला दीड-दोन सेंमी जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप) बघत अर्धा-अर्धा सेंमी कापा. रेडियल आडवे सरळ ठेवले तर इम्पीडन्स ३५-३६ ओमला येतो, खाली वाकवले की केबलला जुळणाऱ्या ५० च्या जवळ जातो. म्हणून वाकवायचे, शोभेसाठी नाही.

एसडब्ल्यूआरच्या मागे जीव टाकू नका. १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के. १.५ वरून १.१ आणायला दिवस घालवतात आणि केबलमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती जाते तिकडे लक्ष नसते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ ही बारीक केबल दर १०० मीटरला २० डीबीच्या आसपास खाते. २० मीटर तुकडा म्हणजे ४ डीबी. ५ वॅट हँडीतून निघाले, अँटेनाला २ वॅट पोचले. ऐकतानाही तेवढीच घट. त्याच लांबीला जाड आरजी-२१३ घेतली तर १.८ डीबी, म्हणजे ३.३ वॅट पोचतात. जाड केबल परवडत नसेल तर केबल छोटी करा, रेडिओ गच्चीखालच्या खोलीत हलवा.

आणखी एक. पीएल-२५९ कनेक्टर पाण्याला अडवत नाही. स्वतःला चिकटणारी रबरी टेप आधी, ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक बसते. त्यावर साधी काळी इन्सुलेशन टेप, ऊन लागू नये म्हणून. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या, पाणी तिथून गळून जाईल. जुलैत एसडब्ल्यूआर अचानक खूप चांगला दिसायला लागला तर खूश होऊ नका. केबलमध्ये पाणी शिरले की नुकसान वाढते, परतीची शक्ती मीटरपर्यंत येतच नाही आणि काटा छान दिसतो.

रापणकर
गोव्याहून. किनाऱ्यावरच्यांसाठी भर: अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर तांब्याची तार थेट आवळू नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरे पीठ होते. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला, वरून ग्रीस.

डिटडा
कोअ‍ॅक्सवाली ताईंचा जुलैचा मुद्दा सोन्यासारखा आहे. नॅनोव्हीएनए (अँटेना-केबल तपासायचे छोटे यंत्र) असेल तर केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवून परत येणारा सिग्नल मोजा. तो जितका कमी दिसेल त्याच्या निम्मे म्हणजे एकेरी नुकसान. कोरड्या दिवसात एकदा मोजून लिहून ठेवले की पावसात तुलना करता येते. मोजण्याआधी ओपन, शॉर्ट, लोड असे कॅलिब्रेशन ज्या पट्ट्यात मोजायचे त्याच पट्ट्यात करा. पट्टा बदलला की पुन्हा करा.

बॅटरीबहाद्दर
पुराचे म्हणताय तर विजेचा हिशेब. २५ वॅटची मोबाइल रिग ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना ५ ते ६ अँपिअर घेते. दहा टक्के वेळ बोलणे धरले तर सरासरी साधारण १ अँपिअर. ४० अँपिअर-तासाची गाडीची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे २० तास मिळाले. पूर्ण उतरवली तर ती बॅटरी पुढच्या वर्षी नसेल.

एचएफची (लघुलहरींची) १०० वॅटची रिग बोलताना २० ते २२ अँपिअर ओढते. तिला ३ मीटर लांबीची २.५ चौरस मिमीची वायर लावली तर जाऊन-येऊन ६ मीटर, जवळपास १ व्होल्ट वायरमध्येच गेला. १२.२ व्होल्टच्या बॅटरीवर रिगला ११.२ मिळतात, आवाज घरघरतो किंवा रिग बंदच होते. लोक बॅटरी बदलतात, खरे तर वायर बदलायची असते. ६ चौरस मिमीला ०.४ व्होल्टच जातो. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी, दोन्ही तारांत. पॉवर पाच वॅटवर आणून बघा, बहुतेक वेळा काम होते.

लघुलहरी
एवढी चर्चा व्हीएचएफवरच (२ मीटरवरच) चाललीय. पुरात जिल्ह्याबाहेर, म्हणजे पुणे-मुंबईला निरोप कसा जाणार? त्याला ४० मीटर बँड हवा आणि अँटेना *खाली* हवी.

डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेची) एकूण लांबी १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २० मीटर, प्रत्येक बाजू १० मीटर. कापताना १०.४ घ्या, टोके दुमडून जुळवा, लगेच छाटू नका. ८ ते १० मीटर उंचीवर उलट्या व्हीसारखी बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनमंडलावरून छत्रीसारख्या खाली येतात. दिवसा ५० ते ४०० किमीचा परिसर सह्याद्रीसकट झाकला जातो. डोंगर मध्ये आला तरी फरक पडत नाही, कारण लहर डोंगरावरून उतरते. उंच टॉवरवर बांधली तर उलट जवळचे लोक हरवतात.

रात्री आयनमंडलाच्या एफ-२ थराची क्षमता उतरते, ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत येत नाही. सांगलीहून पुणे ऐकू येईनासे होते आणि दूरचे देश येतात. तेव्हा ८० मीटरवर जायचे: ३.६५ साठी ३९ मीटर तार. म्हणजे क्लबाला दोन तारा हव्यात, एक नव्हे. दोन्ही एकाच फीडरवर, पंख्याच्या पात्यांसारख्या वेगवेगळ्या दिशांना ताणल्या तरी चालतात.

फीड पॉइंटखाली (केबल तारेला जोडते तिथे) चोक हवा: ६ मीटर कोअ‍ॅक्स ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर १७ वेढे. हा नसेल तर कोअ‍ॅक्सची वरची जाळीच अँटेना होते, रिगचा माइक ओठांना चटका देतो आणि शेजारच्या घरातला स्पीकर बोलायला लागतो.

मोगरा
विचारू का, डायपोलवर कबुतरे ओळीने बसली तर एसडब्ल्यूआर बदलतो?

लघुलहरी
मोगराताई, काट्याला कळणारही नाही. पण तार झोळ खाते, म्हणून टोकाला कप्पी लावून दोरीला वजन बांधा. वारा, कबुतर, वळीव सगळे त्यात निभावते.

डोंगरमाथा
४० मीटरवरून एक अवांतर. १९४२ चा काँग्रेस रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलत होता. ३०० ला ४२.३४ ने भागा, ७.०९ मेगाहर्ट्झ येतात. आज आपण ज्या बँडवर गप्पा मारतो तीच जागा. युद्ध सुरू झाल्यावर हौशी परवाने काढून घेतलेले, सुटे भाग मिळेनात, आणि उषा मेहता व त्यांचे सहकारी २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर जागा बदलत बदलत प्रक्षेपण करत होते. क्लबाच्या शाळा-भेटीत हे जरूर सांगा. मुले एकदम कान टवकारतात.

शून्यबीट
छान आठवण. पुन्हा नेटकडे येतो, कारण कृष्णाकाठ यांचे खरे दुखणे तेच आहे. नेट ओस पडतो तो उपकरणांमुळे नाही. "फाइव्ह नाइन (सिग्नल उत्तम), हवा छान, ७३ (शुभेच्छा)" एवढे बोलायला दर रविवारी कोण येईल? दर नेटला एक काम ठेवा.

पहिला रविवार: सगळ्यांनी ५, १ आणि अर्धा वॅट अशा तीन पातळ्यांवर बोलायचे, कोण कोणाला किती ऐकतो याचा तक्ता करायचा. दुसरा: २५ शब्दांचा निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसामागून माणूस पोचवायचा. तिसरा: मेन स्विच बंद, फक्त बॅटरी. चौथा: घर सोडून रस्त्यावरून, हँडी आणि तिची रबरी अँटेना घेऊन. चार महिन्यांत असा तक्ता तयार होतो की पुरात कुठल्या गावातून कुठल्या गावात कोणाच्या मार्फत जायचे हे डोळे मिटून सांगता येते. हा तक्ता दीड लाखाच्या रिपीटरहून मोलाचा आहे.

नेट २० मिनिटांत संपलाच पाहिजे. नेट कंट्रोल (नेट चालवणारा) दर आठवड्याला वेगळा, त्यात नवख्यांनाही पाळी. दोन बोलण्यांमध्ये दोन सेकंद थांबा, तातडीच्या माणसाला "ब्रेक" म्हणायला फट मिळते. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नलच ऐकू येतो, दुबळा कळतसुद्धा नाही. म्हणून कंट्रोलने दर पाच मिनिटांनी विचारायचे, "कोणी राहिले का?"

मोगरा
निरोप कसा लिहायचा, नमुना द्या ना.

शून्यबीट
क्रमांक, तातडी, मूळ केंद्र, शब्दसंख्या, ठिकाण, वेळ, तारीख. मग मजकूर, शेवटी सही. उदाहरण: "क्रमांक ७, तातडीचा, शब्द ९." मजकूर: "बोट एक हवी. शाळेत वृद्ध सहा. पाणी पायरीला लागले." घेणाऱ्याने शब्द मोजायचे. आठच भरले तर "पोचला" म्हणायचे नाही, पुन्हा मागायचा. शब्दसंख्या त्यासाठीच असते. मजकूर बदलायचा नाही, व्याकरणही सुधारायचे नाही. लॉगमध्ये वेळ यूटीसी (जागतिक वेळ) लिहिता ना? भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. पण प्रशासनाला देताना घड्याळाचीच वेळ द्या आणि तसे लिहा.

दुसऱ्यांचे निरोप आपण एरवी हाताळत नाही हेही सदस्यांना बजावा. आपत्तीत, नेहमीची साधने बंद असताना, अधिकृत शासकीय अधिकाऱ्याच्या विनंतीवरून ते करायचे. त्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी मे महिन्यातच बोलून ठेवा. पाणी चढल्यावर ओळख करून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

डिटडा
निरोपात मराठी आकड्यांनी घात होतो, इकडे लक्ष द्या. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. खरखरीत अर्धा शब्द गेला की दहा फुटांचा फरक. कोल्हापुरात पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका ४३. तिथे "एकोणचाळीस" म्हणण्यापेक्षा "तीन नऊ" म्हणा. सत्तावीस-सदतीस-सत्तेचाळीसचेही तेच. आणि एसएसबीवर (एचएफवर बोलायच्या पद्धतीत) आवाजाचा पट्टा २.४ ते २.७ किलोहर्ट्झचा असतो, त्यात "स" चा सिसकारा वरच कापला जातो. म्हणून "सात" आणि "आठ" सारखे ऐकू येतात. आकडा सांगताना "सात, सेव्हन" असे दोन्ही म्हणायची सवय लावा.

गावांच्या नावांना कमळातला क, घरातला घ चालते. कॉलसाइन (परवान्यावरचे केंद्राचे नाव) मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीनेच.

सह्यवारा
डिटडा, तुम्ही आहात तर मोर्सचे विचारतो. आमच्याकडच्या ९ रिस्ट्रिक्टेडपैकी तिघांना जनरल परीक्षा द्यायची आहे. लघु-गुरु वापरून शिकवता येईल का? मराठी मुलांना मात्रा माहीत असतात.

डिटडा
मोह होतो, पण नको. गुरु दोन मात्रांचा, मोर्सची रेघ म्हणजे "डा" तीन ठिपक्यांचा, तीन "डिट"चा. लघु-गुरुच्या चालीवर शिकलेला माणूस डा आखूड ठेवतो आणि ऐकताना गोंधळतो. तबल्याचे बोल शिकतात तसे शिका: आधी तोंडाने, मग हाताने. कागदावरचे ठिपके-रेघा बघूच नका, नाहीतर प्रत्येक अक्षराला डोक्यात तक्ता उघडतो.

परीक्षेला वेग मिनिटाला ८ शब्द. त्या वेगाला एक डिट १५० मिलिसेकंद, डा ४५०. पण अक्षर या संथ वेगाने ऐकवले तर शिकणारा ठिपके मोजत बसतो. अक्षर १८ शब्दांच्या वेगाने वाजवा आणि दोन अक्षरांतली जागा वाढवून एकूण वेग ८ वर आणा. दोन अक्षरांनी सुरुवात, ९० टक्के बरोबर आली की तिसरे. दिवसातून दोनदा १५ मिनिटे. रविवारी सलग दोन तास बसून काही उपयोग नाही.

डोंगरमाथा
२०२६ मध्ये मोर्स कशाला, असे आमच्याकडचे तरुण विचारतात. एफटी८ वर संगणक १५ सेकंदांच्या खेपेत जगभर पोचतो.

डिटडा
एफटी८ ला दोन्हीकडची घड्याळे सेकंदाभरात जुळलेली लागतात, लॅपटॉप लागतो, आणि ठरावीक साचाच जातो. मोर्सला एक की आणि पाच वॅट. दोन्ही शिका. भांडण लावण्यासारखे त्यात काही नाही.

टेम्सकाठी
लंडनहून. कृष्णाकाठ यांना एक संदर्भ. ब्रिटनमध्ये १९५३ च्या उत्तर समुद्रातल्या पुरानंतर हौशी रेडिओवाल्यांनी रेनेट नावाची आपत्कालीन संघटना उभारली, ती आजही चालते. तिथली एक पद्धत घेण्यासारखी आहे. मोठी दुर्घटना नसताना सायकल शर्यती, मॅरेथॉन, चालण्याचे लांब कार्यक्रम यांना संपर्कसेवा देतात. सराव खऱ्या गर्दीत होतो, चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. तुमच्याकडे वारी आहे, जत्रा आहेत.

बॅटरीबहाद्दर
वारीचा विचार उत्तम. पण गर्दीत हँडीचा आवाज ऐकूच येत नाही. एका कानात इअरफोन, आणि माइकला वाऱ्याचा फोम. त्यावाचून उतरू नका.

मोगरा
आमच्या इथे बिनपरवाना स्वयंसेवक खूप आहेत. ऑनलाइन मिळणारे स्वस्त हँडसेट देऊन त्यांना नेटमध्ये घ्यावे का?

शून्यबीट
अजिबात नाही. परवाना येईपर्यंत पीटीटी (बोलायचे बटण) दाबायचे नाही, यावर क्लबाने तडजोड केली तर सगळ्यांचे परवाने धोक्यात. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. तोवर त्यांना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॅटचे, विनापरवाना गटातले मान्यताप्राप्त सेट द्या. मैदानात आणि निवारा शाळेच्या आवारात पुरेसे होतात. ते आणि आपला बँड यांच्यात मध्ये एक परवानाधारक माणूस बसवा, दोन सेट जोडू नका.

सह्यवारा
नवख्यांना ओढायला कोल्हाशोध ठेवा. लपवलेला छोटा ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेनाने हुडकायचा. यागी (अशी दिशादर्शक अँटेना) स्टीलच्या मोजपट्टीची करा: मागचा घटक १०५ सेंमी, मधला ४५-४५ सेंमीचे दोन तुकडे, पुढचा ८९. मागचा ते मधला अंतर २० सेंमी, मधला ते पुढचा ३२. मधल्या दोन तुकड्यांना जोडणारी केसाच्या पिनेसारखी १३ सेंमी तार विसरू नका, तिच्यावाचून जुळत नाही. दांडा पीव्हीसीचा. पट्टीचा रंग खरवडल्याशिवाय डाग देता येत नाही, तिथेच निम्म्यांचे बिघडते.

जवळ गेल्यावर सिग्नल इतका जोरात येतो की दिशा कळत नाही. तेव्हा हँडी ५-१० किलोहर्ट्झ बाजूला लावा, किंवा छातीशी धरून स्वतःभोवती फिरा: सिग्नल सर्वांत दबतो तेव्हा कोल्हा पाठीमागे. शेवटच्या पन्नास मीटरला तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ऐका. कोल्हा १४४.८ वर असेल तर ४३४.४ वर.

लघुलहरी
शाळा-भेटीत आकाशातले ऐकवा. अंतराळ स्थानकावरचा रिपीटर ४३७.८०० वर ऐकू येतो, हँडी आणि हीच मोजपट्टीची यागी ४३७ च्या मापाची करून. येताना फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढीच खाली. डॉप्लर मुलांना कानाने कळतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' हा छोटा उपग्रह २०१६ मध्ये हॅम बँडवरच्या निरोपांसाठी गेला होता, तेही सांगा.

डोंगरमाथा
मूळ प्रश्नावर परत. वरचे सगळे वाचून माझे मत थोडे बदलले. रिपीटर नकोच असे मी अजून म्हणत नाही. पण सागरेश्वर अभयारण्य, दंडोबा वनक्षेत्र, तिथे वनखात्याची परवानगी, शिवाय रिपीटरचा वेगळा परवाना, मग वळवात आणि परतीच्या पावसात वीज पडली की वर चढून दुरुस्ती. पूर आला की टेकडीचा रस्ताच बंद. जे यंत्र नेमके पुरात दुरुस्त करता येत नाही त्यावर सगळे पैसे लावणे मला आता पटत नाही.

कोअ‍ॅक्सवाली
मग खर्च असा करा. नऊ घरांना अँटेना, जाड केबल, ९ मीटरची काठी. बांबू चालेल, दोन उंचींवर तीन-तीन ताण, १२० अंशांवर, खुंट्या काठीच्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर. दोरी पॉलिएस्टरची, नायलॉन ओले झाले की सैल पडते. महावितरणच्या तारांपासून काठीच्या उंचीच्या दीडपट लांब, यात सूट नाही. प्रत्येक केबलला वीजरोधक, त्याचे अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेले. तरीही गडगडायला लागले की केबल काढून बाहेर ठेवायची. उरलेल्या पैशांत एक एचएफ रिग, दोन तारा, दोन बॅटऱ्या, एका पेटीत भरून तयार.

कृष्णाकाठ
मंडळी, मनापासून आभार. काल बैठकीत हे सगळे वाचून दाखवले. नऊ अँटेना आणि एचएफची पेटी ठरली. रिपीटरचा विषय वर्षभराने तक्ता समोर ठेवून. माणसांची साखळी अशी बसते: कराड, बहे, ताकारी, भिलवडी, सांगली, नरसोबावाडी. कुठलीही उडी २५ किमीहून फारशी मोठी नाही. कराड-बहेमध्ये मच्छिंद्रगडाची टेकडी आड येते का ते पहिल्या रविवारी कळेल.

एकच शंका. हजेरी कॉलसाइनच्या क्रमाने घ्यावी की आधी येईल त्याची आधी?

शून्यबीट
दोन्ही नको. नदीच्या क्रमाने घ्या, वरून खाली. पाणी ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने आवाज आला की कुठले केंद्र गप्प आहे हे कंट्रोलला लगेच कळते.

कृष्णाकाठ
आणि वारणेकाठचा एक सदस्य आहे, त्याला कुठे बसवू? संगम हरिपूरला, सांगलीच्या खाली.

शून्यबीट
संगम खाली असला तरी वारणेचा फुगवटा आयर्विनला लागतो. त्याला सांगलीच्या *आधी* हाक मारा.